मनीच्या कानामागचा चट्टा

आमची मनी मांजर अजून घरात कशी आहे, ते सांगतो. चहा घ्या तोवर.

मुलगा फौजेत, म्हणून मी इथे दिल्ली कँटात. मागे मनीच्या कानामागे रुपयाएवढा गोल चट्टा पडला. केस गेले, कोंडा सुटला. आठवड्यात नातीच्या दंडावर तसलंच लाल कडं उठलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, बस्स. ज्यानं हे आणलं, ते घराबाहेर."

नात रडायला लागली. मी म्हटलं, आधी डॉक्टरला तर दाखवू.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याच्या कडेचे केस उपटून काचेखाली पाहिले. "दाद है," त्या म्हणाल्या. म्हणजे आपलं गजकर्ण. "बिल्ली बाहर जाती है?"

"बिल्कुल नहीं," सूनबाई म्हणाली.

"फिर लाया कौन?"

मलाही तेच कोडं. तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. "बाबाजी, आप बाजू क्यों खुजला रहे हो?"

बाही वर केली, तर माझं कडं सगळ्यांत मोठं!

रोज सकाळी गवळ्याकडून मी दूध समोर काढून घेतो. धार निघेपर्यंत वासरू काखेत धरून उभा राहतो, गावची सवय. वासराच्या डोळ्यांभोवती राखाडी चट्टे मी पाहिले होते. वासरांचं गजकर्ण आपोआप जातं, म्हणून सोडून दिलेलं. घरी आलो की मनी त्याच काखेत झोपते.

मनीला मलम मिळालं, मला नि नातीला माणसांच्या डॉक्टरकडे धाडलं, अंथरुणं गरम पाण्यात धुवायला सांगितली.

नात हळूच म्हणाली, "मम्मा, आता आजोबांना बाहेर काढणार?"

तेव्हापासून मनी घरात आहे. मीही आहे.