भिंतीवरची काच

शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे शुद्धलेखन चुकलं आणि शब्द साधे वाटले तर सांभाळून घ्या. मामासोबत मी हिवाळ्यात नागपूरहून शिमल्याला एका जुन्या घराच्या दुरुस्तीला गेलो होतो.

"भिंत बिघडली तर तुले परत धाडतो," मामाने बजावलं होतं. म्हणून नवं प्लास्टर तडकू नये यासाठी संध्याकाळी मी त्यावर नागपूरसारखंच भरपूर पाणी मारलं.

सकाळी भिंतीवर काच चढली होती आणि खाली प्लास्टरचे पोपडे पडले होते. मामा रागानं आला, काचेला बोट लावलं आणि ओलं झालेलं गार बोट बघितलं.

"हे पाणीच होय का गा?"

"हो मामा. मीच मारलं."

दोघंही उन्हात चमकणारी ती भिंत बघत राहिलो. घरमालक हसले. "यहाँ दीवार को भी ठंड लगती है."

परत धाडायचं मामा विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंत पुन्हा लिंपली आणि माझी रजई तिला पांघरली.