दोन झाकणांच्या गोळ्या

माझं माहेर वाशीमकडचं. लग्न झालं तशी पुण्यात आले, बिबवेवाडीत, आणि इथल्याच एका शाळेत मुलांना खिचडी वाटायचं काम धरलं. यादी करायची सवय मात्र माहेरची. आम्ही सहा बहिणी, कोणाची अंघोळ झाली, कोणाची राहिली, हे आई मलाच विचारायची. नवरा हिंजवडीच्या कंपनीची बस चालवतो, तो म्हणतो, हिच्या यादीत मी कितवा ते अजून कळलेलं नाही.

मुली दोन, माझ्याच शाळेत. साक्षी थोरली, श्रेया धाकटी, अंतर दीड वर्षाचं, पण साक्षी पाचवीत गेली तरी धाकटीच्या कानाएवढीच. काय सांगू तुम्हाला, येईल तो विचारायचा, यातली मोठी कोणती हो? साक्षीनं फोटोला उभं राहायचंच सोडलं.

अशात शाळेत डॉक्टर मॅडम आल्या, झिंकच्या गोळीनं मुलांची वाढ होते का ते बघायला. झिंक म्हणजे जस्त, बादलीला चढवतात ते. नवरा म्हणाला, चला, पोरी गंजायच्या तरी नाहीत. डबे दोन, एक पिवळ्या झाकणाचा, एक हिरव्या. एकात झिंकची गोळी, दुसऱ्यात तशीच दिसणारी साधी, आणि कशात काय ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या, साक्षीला पिवळं आलं, श्रेयाला हिरवं. साक्षीला दोन्हीतली मिळेल का, अगदी ओठांवर आलं होतं, विचारलं नाही.

गोळ्या द्यायचं काम माझ्याकडं. खिचडी झाली की गोळी, वर पाणी, मग आ कर, जीभ उचल, गाल दाखव, मग वहीत खूण. एक पोरगी म्हणायची, काकू, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?

वहीत एक रकाना तक्रारीचा होता. दिवाळीनंतर त्यात साक्षीच्या नावापुढं मळमळ, परत मळमळ, परत मळमळ. घरी साक्षीला विचारलं तर रडायला लागली ती श्रेया. म्हणाली, आई, मी माझी गोळी गालात ठेवते आणि नंतर ताईला देते, मी आहे ना उंच, मला काय करायचीय? सगळ्या शाळेचे गाल तपासले मी, माझ्या दोघींचे नाही. घरच्याच पोरी, त्यांचं काय बघायचं, असं.

आणि खरं सांगते, भाकरी थापता थापता डोक्यात आलं की गप्प बसले तर खरी गोळी साक्षीच्या पोटात जाणारच, झाकण कुठलं का असेना. मला तेच तर हवं होतं. पण मग वहीतल्या त्या दोघींच्या खुणा खोट्या, आणि त्या वहीवरून उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरांना काय द्यायचं ते ठरणार. भाकरी करपली, तेवढं झालं.

सकाळी मॅडमना सांगितलं. त्यांनी साक्षीला तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या, आणि दोघींची नावं यादीतून काढली. म्हणाल्या, ताई, तुम्ही बोलला नसता तर कळलंही नसतं. म्हटलं, म्हणून तर बोलले. साक्षी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. श्रेयाशी बोलत होती.

पुढं मॅडमनी सांगितलं, ज्याच्या अंगात झिंक कमी पडतं त्याला गोळीचा उपयोग होतो, सगळ्यांनाच होतो असं नाही. साक्षीला झाला असता का, ते आता कोण सांगणार. मी आपली डब्यात हरभरे, शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडं देत राहिले.

आता साक्षी दहावीत आहे, वाढलीय, पण धाकटीपेक्षा चार बोटं कमीच. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दोघींना दाराच्या चौकटीला उभं करते, अनवाणी, वेण्या सोडून, पेन्सिलीनं रेघ मारते आणि आकडा वहीत लिहिते. मी साक्षीच्या डोक्यावर पट्टी टेकवली की शेजारी श्रेया हळूच गुडघे वाकवते. मी म्हणते, सरळ उभी राहा गं, वहीत खोटं लिहायचं नाही. ती होते सरळ. साक्षी हसते हो आता. तेवढं मी कुठं लिहिलेलं नाही.