चोपन्न पायऱ्या आणि माझं तोंड

...आणि वर मलाच म्हणतात, बोला! अहो, काय बोला? इथं दुसऱ्या मजल्यावर माणसाचा श्वास कुठल्या कुठं गेलाय आणि मागून लेक ओरडतीये, "बाबा, बोला, बोला!" मला! या शिवराजला! हैदराबादच्या आख्ख्या बरकतपुऱ्यात मला आजवर 'बोला' कुणी म्हटलेलं नाही, 'आता पुरे' एवढंच म्हटलंय!

थांबा, मुळापासून सांगतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. एकदा आमच्या माधवीनं मला जिन्यात बसलेलं पकडलं. मी म्हटलं, अगं, विचार करतोय! तर म्हणाली, "विचार पुरे. घर विका आणि शहराबाहेर माझ्या इमारतीत या. चौदावा मजला, दोन लिफ्ट." आता तुम्हीच सांगा! इथं बाल्कनीतून मी भाजीवालीपासून इस्त्रीवाल्या मियाँपर्यंत सगळ्यांशी बोलतो, तिथं काय घारींशी बोलू? शेवटी तह झाला. तीन महिन्यांनी चोपन्न पायऱ्या न थांबता चढून दाखवायच्या, नाहीतर घर गेलं.

मग चिक्कडपल्लीच्या डॉक्टर भाग्यलक्ष्मींकडे गेलो. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "अंकल, दिल अच्छा है, बस आलसी है. पंप है ना? रोज चलाए तो एक धक्के में जास्ती खून फेंकता. फिर कायकू इत्ता धडधड करना?" म्हणे प्राणवायू पुरला की अंगातली चरबी-साखर सावकाश जळते, दम टिकतो. नाही पुरला की साखर नुसती भसाभसा जळते आणि पाय भरून येतात. आता पुरतोय हे कळायचं कसं? "चलते चलते बाताँ कर सकना, गाना नै गा सकना. बस, वोइच रफ्तार!"

बोलता आलं पाहिजे! अहो, हा इलाज की बक्षीस?

दुसऱ्या दिवसापासून आमची मंडळी जयवंता आणि मी, सकाळी तासभर. मी तोंडाचा पट्टा चालू ठेवलेला. "क्या शिवराज साब, खैरियत?" की थांबलो. मियाँच्या मुलीचं लग्न ठरलं, थांबलो. कुणी चहा पुढं केला, आता चहाला नाही कसं म्हणायचं? जयवंता हातात पिशव्या घेऊन मुकाट्यानं पुढं. मला वाटायचं, बिचारीला दम लागला! मी मागून ओरडायचो, "जयवंता, बोलता आलं पाहिजे!" ती पिशव्यांचा हात बदलून पुढं चालायची. तासातली पन्नास मिनिटं मी उभाच होतो, हे मला कुणी सांगायचं? उभ्या माणसाचा पंप कशाला कामाला लागतोय!

परीक्षेचा रविवार उजाडला. माधवी घड्याळ लावून माझ्या मागं. पहिला मजला मी बोलत बोलत जिंकला. मग वाक्यं तुटायला लागली. मग शब्द... तुटायला... आणि मग आवाजच बंद! छातीत ढोल, पाय जड, कठड्याला धरून उभा, आणि डोळ्यांपुढं तो चौदावा मजला. खोटं कशाला सांगू, रडू आलं मला.

तेवढ्यात मागून आवाज, "ओ, बाजूला व्हा!" जयवंता! बेगम बाजारातून आणलेली दहा किलो ज्वारी कडेवर! आणि चढता चढता काय बोलली म्हणता... "माधवे, घर विकायचं नाही! या पायऱ्या मी रोज चारदा चढते, तेव्हा कुणी घड्याळ लावलं नाही. आणि तुझ्या बापाला विचार, हे चालायला येतात का गप्पा हाणायला? तीस वर्षांत मला एक वाक्य पुरं करू दिलं असेल तर शपथ!" एकही श्वास न चुकता वर! कुलूप काढून आतसुद्धा गेली, तरी बोलतच होती!

माधवी म्हणाली, "आई पास. घर राहिलं." आनंदानं मी काय काय बोललो असतो... पण बोलता आलं पाहिजे ना!

आता नवा कायदा. पिशव्या मी धरायच्या, कुठंही थांबायचं नाही. ती मोकळ्या हातानं शेजारून बोलत चालते, मी फक्त हौ म्हणतो, तेही चढ नसेल तर. इतकं साठलं होतं तिच्याकडं, मला पत्ताच नव्हता हो! म्हणून तर तुमच्यापुढं येऊन बसलो, बसल्या जागी तरी बोलू द्या!

परवा डॉक्टरांनी नाडी बघितली, खूश झाल्या. "वाह अंकल! और तीन महिने, फिर चलते चलते बाताँ भी कर लेते आप!" मी मोठ्या आशेनं जयवंताकडं पाहिलं.

ती म्हणाली, "राहू द्या हो डॉक्टर. घाई कसली?"