बारशाआधीचं मेंबर कार्ड

कॅनडातल्या कोक्विटलामच्या पोस्टातली लाईन एवढी लांब, की उभ्याउभ्या माझे पांढरे केस पुन्हा काळे व्हायला लागले. पुढे एक म्हातारं मराठी जोडपं होतं.

“अहो, मेलबर्नहून पार्सल कसलं?”

“आपल्या फुटबॉल क्लबचं. नवीन मेंबर केलाय.”

“मेलबर्न सोडून तीस वर्षं झाली, तो हरणारा क्लब काही सुटत नाही!”

“हरतो म्हणून तर माणसं लागतात, शोभा. यंदा रेकॉर्ड मेंबर झालेत.”

“आणि मॅच किती जिंकल्या?”

“एक. पण काय जिंकली!”

“थांबा. नवीन मेंबर कोण? नातीला केलंत?”

“फॉर्मवर नाव लागतंच गं.”

“अरे देवा! रविवारी बारसं. आत्यानं कानात नाव सांगायच्या आधी तुम्ही ऑस्ट्रेलियाला सांगितलंत? बाळाची आई ऊर्मी मला बोलेल, तुम्हाला नाही!”

पाकीट मिळालं. माझी मान जिराफाएवढी झाली.

“अहो, यावर माझं नाव आहे.”

“इतकी वर्षं शेजारी बसून त्यांना शिव्या देतेस. म्हटलं, आता हक्कानं दे.”

“…शुक्रवारी मॅच आहे ना?”

“आहे. हरणार बहुतेक.”

“हरू देत. मी भडंग करते.”