अर्धा पंख आणि नाना

सरळ सांगतो, चूक नानांची होती. माझी नाही, खेळाचीही नाही. नाना म्हणजे माझे मोठे काका. जन्मभर कापसाचा ट्रक हाकला, आणि मी कॉलेज सोडल्यापासून 'हळू चाल, हळू चाल' करत मलाही हाकतात.

ऑनलाइन विमानयुद्धाचा शेवटचा सामना होता. विमान धड उतरवलं की धुळ्याच्या टीममध्ये माझी जागा पक्की. गोळ्यांनी डावा पंख अर्धा उडवला होता. मी स्टिक उजवीकडे दाबून, वेग टिकवून विमान सरळ धरलं होतं.

मागून नाना म्हणाले, "पंख तुटना तरी उडी ऱ्हायनं? बठ्ठं खोटं शे!"

"खोटं नाही, नाना. वेग आहे तोवर अर्धा पंखही तोलतो. हळू झालं की उलटणार."

"माले शिकाडू नको. मोडेल गाडी धीरे चालाडतस!" असं म्हणत त्यांनी हात घालून वेगाचा दांडा, थ्रॉटल, मागे ओढला.

विमान डावीकडे उलटलं आणि जमिनीत घुसलं.

"सांगं व्हतं ना मी?" नाना खूश.

"पंखानं नाही पडलं, नाना, तुमच्या हातानं पडलं. आजपासून मला 'हळू चाल' सांगायचं नाही."

टीममध्ये साक्रीच्या एकाला घेतलं. मला नाही.