हिच्यात धक्का न्हाय

आजच्या कार्यक्रमाचे मानाचे अध्यक्ष बापूसाहेब, फिरत्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, खुर्च्यांवर बसलेली समदी थोर मंडळी, आणि सतरंजीवर दाटीनं बसलेल्या माझ्या बायाबापड्यांनो, अक्काबाईचा समद्यांना जय भीम आणि रामराम.

लाईट गेली तरी मंडळींनी गाडीवरनं वायर वढून माईक चालू ठेवला, त्याबद्दल आधी आभार. मला आभारालाच उभं केलंय, भाषणाला न्हाय, हे ठावं हाय मला. पर म्हातारीच्या हातात माईक दिला, ती चूक तुमची.

आज आपण जोतीराम ड्रायव्हरला निरोप देतोय. डाळजच्या खालच्या अंगाला, धरणाच्या पाण्यापातुर आमची काळी रानं. पावसात पायातली चप्पल चिखलातच राहती. तितं ह्यो माणूस दवाखान्याची जीप घेऊन यायचा. त्या जीपला दांडे दोन. मोठा रस्त्याचा, धाकटा चिखलाचा. धाकटा वढला की चारी चाकं कामाला लागायची, आणि जीप गाभण म्हशीवाणी हळू चालायची, पर थांबायची न्हाय. मी एकदा म्हणले, "जोतीराम, गियर टाकतोस का खुटा उपटतोस रं?" तर म्हणतो, "अक्का, तुमच्या तोंडापरीस मऊच पडतोय."

त्या जीपची बॅटरी कायम मरतुकडी. सभा असली आणि लाईट गेली की तिच्यावरच माईक लावायचा. बॅटरी उतरली की समद्यांनी मिळून धक्का मारायचा. जोतीराम क्लच सोडायचा, जीप दोनदा खोकायची की चालू. आमच्या वस्तीत बारकं पोर चालायला लागलं की आधी धक्का मारायला शिकायचं.

मग गेल्या साली, सत्त्याण्णवच्या भादव्यात, नवी गाडी आली. परदेशातल्या देणगीची. चारी चाकांची, आणि गियर आपला आपण पडणारी. डॉक्टरसाहेब, ह्याच शाळेपुढं तुमी तिला हार घातला आणि म्हणला, "आता पोटुशी बाईला गियरचा हिसका बसणार नाही. हिच्यात धक्का नाही." शब्द पाठ हाय मला. खोटंबी न्हाय बोलला. चिखलातनं गाडी लोण्यावरनं आल्यागत आली. आमी टाळ्या वाजवल्या. जुनी जीप त्याच सकाळी इंदापूरला शेडात गेली हुती.

त्या दिशीबी लाईट नव्हती. भाषणं नव्या गाडीच्या बॅटरीवर झाली. किती जण बोलले? जे बोलले न्हाईत त्यांनी हात वर करा, मोजायला सोपं जाईल.

भाषणं संपली न्हाईत तवर माझ्या थोरल्या नातीला, प्रियदर्शनीला, कळा सुरू झाल्या. अंगावरनं रक्त जायला लागलं. बारामतीला न्यायला पायजे हुतं. गाडी दारात, डॉक्टर दारात. म्हणलं, ह्यापरीस नशीब कुणाचं? तिला मागं झोपवलं. जोतीरामनं किल्ली फिरवली. टक् झालं आणि गप.

कुणी घाबरलं का? न्हाय. आमी हसलो! "मारा रं धक्का!" गडी, बाया, मीबी, समदे मागं लागलो. शाळेपासनं बांधापातुर, बांधापासनं वढ्यापातुर. गाडी पळायची, पर बोलायची न्हाय.

"क्लच सोड की जोतीराम!"

"क्लच न्हायच वं अक्का हिला!"

मी खिडकीतनं बघितलं. त्याचा डावा पाय मोकळ्या जागी दाबत हुता. पुन्ना पुन्ना दाबत हुता. पोर आतनं म्हणाली, "आज्जे, झाली का गं चालू?" मी म्हणले, "झालीच बघ."

असल्या गाडीला धक्का मारून कायबी होत न्हाय, हे त्या दिशी कुणाला ठावं हुतं? डॉक्टरांना न्हाय, जोतीरामला न्हाय, आमाला तर न्हायच. ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायचं सुचलं तवर पोर गार पडली हुती. पोटातलंबी गेलं. मग मात्र गाडी एका किल्लीत चालू झाली. अजिबात हिसका न देता मढं घेऊन गेली.

जोतीराम पन्नाशीचा हाय. हे निवृत्तीचं वय न्हाय. त्यो पाय थांबंना म्हणून नोकरी सोडतोय. आत्ताबी खुर्चीखाली हलतोय, बघा. डोळे नगं पुसूस रं त्या शालीनं, नवी हाय. वरीसभर मी दोष कुणाचा ते हुडकतेय. घावला असता तर शिव्या तरी दिल्या असत्या.

माझी धाकटी नात साक्षी पुढंच बसलीय. तिला नववा लागलाय. मी मागं म्हणले, बापूसाहेब, ती जुनी जीप आमच्या वस्तीवर ठेवा. तुमी म्हणला, "अक्का, नवी असताना भंगार कशाला?" आता ती भंगारात गेलीबी, आणि ड्रायव्हरबी चालला. तवा मागणं काय मागू? मागायचं काय उरलंच न्हाय.

तर अध्यक्षांचे, डॉक्टरसाहेबांचे, सतरंज्या देणाऱ्या मास्तरांचे आभार. जोतीराम, वस्तीवर येत जा, गाडी नसली तरी. म्हातारीच्या तोंडनं काय वावगं गेलं असंल तर सोडून द्या.

माझं बोलणं संपलेलं न्हाय. पर ही माईकची वायर त्याच गाडीला जोडलीय, अध्यक्षांचं भाषण अजून व्हायचंय, आणि साक्षी मघापासनं कंबर धरून बसलीय.

काढा रं ती वायर. बापूसाहेब, तुमी नुसत्या तोंडानं बोला. येईल ऐकू.