पुलावरची लिफ्ट आणि आईचे पुरवणी प्रश्न

...नाही, पण मी म्हणतो, दातांच्या डॉक्टरकडे माणूस कशाला जातो? दात दाखवायला! तिथे आ करून बसायचं, डॉक्टर बोलेल ते ऐकायचं, आणि गप घरी यायचं. पण आमच्या मातोश्री! तोंडात दोन नळ्या, वर कापूस, त्या अवस्थेत तिने त्या डॉक्टरीणबाईंना आख्खी हकीकत सांगितली! आणि डॉक्टरीणबाई कोण? आमच्या भागाच्या निवडून आलेल्या सदस्य. विरोधी बाकावरच्या! सकाळी दात, दुपारी सभागृह. त्यांनी विचारलं, "आजी, हे कुठल्या खात्याकडे येतं?" तर आमची आई, कापूस काढून, अभिमानाने, "माझ्या मुलाच्याच!"

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? तुम्हाला सांगतो. मी करतो काय? नोकरी. कसली? उत्तरं लिहायची. सभागृहात सदस्य मंत्र्यांना प्रश्न विचारतात ना, तो मंत्री उभा राहून उत्तर देतो, ते तुम्ही टीव्हीवर बघता आणि म्हणता, वा, काय बोलला! तो नाही बोलला. मी बोललो. इतकी वर्षं मी बोलतोय आणि अजून काहीही सांगितलेलं नाही, हीच माझी लायकी आणि यावरच माझी बढती! आमची वाक्यं ठरलेली. "हे खरे नाही." "हे अंशतः खरे आहे." "प्रश्न उद्भवत नाही." आणि ज्याला काही म्हणजे काहीच उत्तर नाही त्याला आमचं ठेवणीतलं... "माहिती संकलित करण्यात येत आहे." अहाहा! काय वाक्य आहे! कोण संकलित करतंय? कुठून? कधीपर्यंत? कुण्णी विचारत नाही. मी या वाक्यावर घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं.

तर हकीकत अशी. आमच्या घरासमोर मोठा रस्ता. मोठा म्हणजे गाड्या थांबतच नाहीत, मधे कठडा, ओलांडायची सोयच नाही. म्हणून वर पादचारी पूल. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पुलाला दोन्ही बाजूंना लिफ्ट. आमच्याच मंत्र्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पुलाच्या या बाजूला आई, त्या बाजूला मावशी. रोज दुपारी आई लिफ्टने वर, पुलावरून पलीकडे, लिफ्टने खाली, मावशीकडे चहा, दोघींचं भांडण, आणि संध्याकाळी परत. भांडणाशिवाय दोघींना चहा पचत नाही. आणि एक दिवस लिफ्ट बंद! दोन्हीकडच्या दारांना कुलूप. जिना आहे, पण आईचे गुडघे असे की घरातला उंबरठा ओलांडताना ती देवाचं नाव घेते. मावशीचं तर विचारूच नका, तिला जिना दाखवला तरी चक्कर येते.

मग काय? दोघी आपापल्या बाजूला पुलाखाली येऊन उभ्या राहायला लागल्या. मधून गाड्या. ही हात हलवते, ती हात हलवते. फोन करा, म्हणाल. केला! मावशीला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. ती फोनवर फक्त बोलते. सगळं सांगते, "बरं, ठेवते" म्हणते, आणि ठेवते. आई फोन हातात धरून बसून राहते. मला ते बघवायचं नाही, खोटं कशाला बोलू. मी पेपर समोर धरायचो.

आणि जेवताना आई सुरू करायची. तुम्हाला सांगतो, आई आयुष्यभर शिवणकाम करायची. माप घेतल्याशिवाय तिने कशावर विश्वास ठेवला नाही.

"लिफ्ट बिघडलीय का रे?"

"नाही."

"मग बंद का?"

"किल्ली सापडत नाही."

"कुणाकडे होती?"

"लिफ्ट आमच्या खात्याची, वीज दुसऱ्या खात्याची, आणि कुलूप कुणी लावलं ते..."

"ते काय?"

"माहिती संकलित करण्यात येत आहे."

असा भाताचा चमचा थांबला तिचा! बायकोने पाण्याचा तांब्या मुद्दाम दाणकन ठेवला. बायको बोलत नाही, ती भांड्यांतून बोलते.

तर हे सगळं डॉक्टरीणबाईंकडे गेलं, आणि एके सकाळी माझ्याच टेबलावर आलं. तारांकित प्रश्न! तारांकित म्हणजे काय, तर ज्याच्या डोक्यावर चांदणी असते तो, म्हणजे मंत्र्याला उभं राहून तोंडाने उत्तर द्यावं लागतं, आणि वर सदस्य पुरवणी प्रश्न विचारू शकतात, आयत्या वेळचे! "एक, सदर पुलाची लिफ्ट बंद आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, वृद्ध नागरिकांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? तीन, असल्यास, लिफ्ट केव्हा सुरू होणार?" मी वाचलं. सदर पूल... माझा पूल. वृद्ध नागरिक... माझी आई!

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर रजा टाकून घरी गेला असता. मी अलिप्त माणूस. मी टोपण काढलं आणि लिहिलं. एक, "हे अंशतः खरे आहे. लिफ्ट सुस्थितीत असून केवळ दार बंद आहे." दोन, "प्रश्न उद्भवत नाही." तीन... तीनला काय लिहिलं असेल? बरोब्बर! तुम्ही पण तयार झालात.

पण खरी कसोटी पुरवणी प्रश्नांची. आमच्याकडे पद्धत अशी, की सदस्य काय काय विचारतील ते आपणच आधी ओळखायचं, प्रश्न पण आपण लिहायचे, उत्तरं पण आपणच लिहायची, आणि मंत्र्यांच्या हातात द्यायची. इतर वेळी डोकं खाजवावं लागतं. या वेळी? या वेळी मला कशाला डोकं लागतंय! रोज रात्री जेवताना पुरवणी प्रश्नच चालले होते! मी आईचे प्रश्न जसेच्या तसे उतरवून काढले. घाईत होतो, भाषा सुद्धा बदलली नाही. म्हटलं, मंत्रीच वाचणार, मनातल्या मनात. खाली एकेकाला माझं गुळगुळीत उत्तर. असा झकास कागद झाला होता...

आणि मधे आले सल्लागार! मंत्र्यांचे सल्लागार. आमच्या खात्यात पूर्वी एक मंत्री आणि एक पंखा असायचा, दोन्ही फिरायचे, काम चालायचं. आता सल्लागार आहेत. तरुण, हसतमुख, काखेत पाण्याची बाटली. काय सल्ला देतात? माहीत नाही. कुणाला उत्तर देतात? कुणालाच नाही! सभागृहात मंत्र्याला विचारतात, मंत्री आम्हाला विचारतो, आम्ही फायलीला विचारतो, पण सल्लागाराला कुणी माईचा लाल विचारत नाही. त्यांनी माझा कागद दोन बोटांत धरला. "अहो, हे किती नकारात्मक आहे! प्रश्न, प्रश्न, प्रश्न! हा शब्द वाचला की मनावर दडपण येतं. काढा तो." म्हटलं, काढा? "आणि 'उत्तर' पण काढा. उत्तर म्हटलं की प्रश्न आठवतो." मी म्हटलं, साहेब, मग कळणार कसं? तर म्हणतात, "साहेबांना आतून कळेल."

मग त्यांनी कार्डं केली. जाड, गुळगुळीत, एका कार्डावर एकच विचार. प्रश्न वरच्या गठ्ठ्यात, उत्तरं खालच्या गठ्ठ्यात, वर एक छान रबर.

प्रश्नाचा दिवस. आम्ही अधिकारी सभागृहात बाजूच्या कक्षात बसतो. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मंत्री अडकला तर चिठ्ठी लिहून शिपायाच्या हाती पाठवायची. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं, आणि डॉक्टरीणबाई उठल्या. दुखतंय तिथे हळूच टोचायची त्यांना सवयच. "अध्यक्ष महोदय, लिफ्ट सुस्थितीत आहे, तर ती बंद का, हे मंत्रिमहोदय सांगतील काय?"

मंत्री उठले. रबर काढलं. वरचं कार्ड घेतलं. आणि खणखणीत आवाजात,

"अध्यक्ष महोदय, लिफ्ट बिघडलेली नाही, मग ती बंद का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी तेच विचारलं."

मंत्री खूश! त्यांना वाटलं जमतंय. पुढचं कार्ड. "अध्यक्ष महोदय, किल्ली नाही तर कुलूप फोडायला काय धाड भरली आहे?"

अहो, काय सांगू! विरोधी बाकांवरून बाकं वाजायला लागली. आपल्याच पक्षाची माणसं, त्यांनाही वाटलं काहीतरी ऐतिहासिक चाललंय, तीही वाजवायला लागली. आता बाकं वाजताहेत म्हटल्यावर कुठला मंत्री थांबतो? पुढचं कार्ड! "फीत कापायला बरे लिफ्टने वर गेले होते, आता या म्हणावं जिन्याने!" अध्यक्ष म्हणताहेत, "मंत्रिमहोदय, आपण उत्तर द्यायचं आहे..." मी घामाघूम. चिठ्ठी लिहिली, 'साहेब, हे प्रश्न आहेत. उत्तरं खाली आहेत.' शिपाई गेला, चिठ्ठी दिली. आणि मंत्री... आलेला कागद वाचायची सवय हो त्यांना... मंत्री म्हणाले, "अध्यक्ष महोदय, हे प्रश्न आहेत. उत्तरं खाली आहेत."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी खरंच बाकाखाली वाकून बघितलं!

आणि मग ते शेवटचं कार्ड. ते मी लिहायला नको होतं, पण आई ते रोजच म्हणायची, शेवटी, पान उचलताना. मंत्र्यांनी त्याच सुरात सुरुवात केली, "तुझी स्वतःची बहीण पलीकडे असती आणि तुला नुसता हात हलवावा लागला असता..." आणि तिथे त्यांचा आवाज खाली आला. पुढचं त्यांनी मनात वाचलं. कार्ड खाली ठेवलं. कुणी बाक वाजवलं नाही. मी अलिप्त माणूस, पण तुम्हाला सांगतो, पुढची चिठ्ठी लिहायला काढलेलं पेन मी टोपण लावून खिशात ठेवलं.

मला वाटलं, झालं! आता हा माणूस म्हणणार, उद्या सकाळी कुलूप तोडा. तेवढ्यात सल्लागारांनी चिठ्ठी पाठवली. मंत्र्यांनी ती वाचली आणि जाहीर केलं, "समिती नेमण्यात येईल."

संपलं! संध्याकाळी बातम्यांत काय? 'स्वतःच्याच सरकारला जाब विचारणारा संवेदनशील मंत्री!' सल्लागारांचा सत्कार. समिती कशासाठी, तर किल्ली शोधायला. सदस्य-सचिव कोण? तुमच्यासमोर उभा आहे. समितीने पहिल्याच बैठकीत काय केलं? चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणी कुलपाला हात लावू नये म्हणून कुलपावर सील लावलं. सही? माझी.

घरी गेलो. आईने सगळं टीव्हीवर बघितलं होतं. म्हटलं, आता तोंडसुख घेणार. तर म्हणाली, "तुझा मंत्री बरा आहे रे. निदान विचारतो तरी." आणि मग, शिवणाचा दोरा दातांनी तोडावा तसं, "उद्यापासून मी तुला लिफ्टचं विचारणार नाही. तू रविवारी पलीकडे जा, ताईला बघ, आणि मला येऊन सांग."

बस्. एवढीच शिक्षा. मला वाटलं, सुटलो! अहो, कसला सुटतोय! पहिल्या रविवारी जिना चढलो, पूल ओलांडला, जिना उतरलो, मावशीला बघितलं, परत आलो, खाली आई उभी. "कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे? वाळलीय का?"

मी म्हटलं, "अंशतः खरे आहे." असं बघितलं माझ्याकडे! "डोळ्यांत औषध घालते का? माझ्यावर रागावलीय का? निळी साडी नेसली होती की तपकिरी? नाही विचारलंस? मग जा, विचारून ये!"

परत जिना! पलीकडे मावशी तयारच. "तिला म्हणावं, रागावलेय. पण ती का नाही आली ते विचार आधी. आणि गुडघ्याला तेल लावते का ते विचार. आणि खरं सांगायला सांग!" परत जिना! सभागृहात प्रश्नांचा तास एका तासाने तरी संपतो हो. इथे अध्यक्ष नाही, घंटा नाही, चिठ्ठी पाठवायला शिपाई नाही. शिपाई मीच!

परवाच्या रविवारी तर कहर झाला. कितव्या खेपेला कोण जाणे, पुलाच्या बरोब्बर मधोमध माझा दम संपला. कठडा धरून उभा राहिलो. खाली गाड्या. या टोकाला आई, वर बघून ओरडतेय, "काय म्हणाली?" त्या टोकाला मावशी, तिला ऐकू येत नाही, पण तीही ओरडतेय, "काय म्हणाली?" दोन्ही टोकांना लिफ्टच्या कुलपांवर आमच्या समितीचं सील उन्हात चमकतंय. तोंडाला कोरड, छातीत भाता... कसाबसा वाकलो आणि ओरडलो,

"माहिती... संकलित... करण्यात... येत आहे!"

आणि तुम्हाला सांगतो, आख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच हे वाक्य मी खरं बोललो.